फलटणच्या नातीचे पंचतंत्र

जुन्या मराठी घरात एखादे नवे नाव कानी पडले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘कुणाच्या ह्या?’ मग गाव कोणते, आजोळ कुठले, सोयरीक कुणाकडे, असे प्रश्न एकामागून एक येतात आणि पाच मिनिटांत परका माणूस ओळखीचा होऊन बसतो. ही आपली रीत मला आवडते. म्हणून आज ज्या लेखिकेचा परिचय करून द्यावयाचा आहे, तोही याच रीतीने करून देतो.

सुनीती नामजोशी. जन्म मुंबईचा, सन १९४१. वडील मनोहर विनायक नामजोशी हे बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात नव्या विमानांची चाचणी घेणारे ज्येष्ठ वैमानिक. आई सरोजिनीबाई, माहेर फलटणचे, नाईक-निंबाळकरांचे. ज्या घराण्यातून सईबाई शिवाजीमहाराजांच्या घरी सून म्हणून आल्या, ते सुनीतीबाईंचे आजोळ. नामजोशी आणि निंबाळकर ही दोन आडनावे एका लग्नपत्रिकेत येणे त्या काळी किती अपूर्व होते, हे आपल्यासारख्या संस्थानी गावातल्या वाचकांस समजावून सांगावयास नको.

एवढे सांगितल्यावर माजघरापासून दिवाणखान्यापर्यंत सर्वांचे समाधान व्हावे. पण परिचय येथे संपत नाही. सुनीतीबाई देश सोडून कॅनडास गेल्या आणि पुढे इंग्लंडात स्थायिक झाल्या. त्यांनी कविता लिहिल्या, कादंबऱ्या लिहिल्या, आणि विशेष म्हणजे पशुपक्ष्यांच्या नीतिकथा लिहिल्या. हे सर्व लेखन इंग्रजीत आहे. आणि आपले प्रेम स्त्रियांवर आहे, आपला संसार एका स्त्रीशी आहे, हे त्यांनी आडपडदा न ठेवता छापून सांगितले. येथे आपली वंशावळ अडखळते. घराण्याची थोरवी सांगताना आपण सात पिढ्या मागे जातो. पण एखादी शाखा नको त्या दिशेने गेली की तिथे लेखणी थांबते. सुनीतीबाईंच्या बाबतीत मराठी वाचकाची लेखणी बरीच वर्षे तशीच थांबलेली आहे, असे मला वाटते, आणि म्हणून हा लेख.

माझा स्वतःचा परिचयही दोन वाक्यांत देतो, कारण पुढील मजकुराशी त्याचा संबंध आहे. मी बिदर जिल्ह्यातल्या भालकीकडचा. नोकरीची वर्षे कलबुर्गीत, म्हणजे जुन्या गुलबर्ग्यात गेली. आमच्या घरांनी जागा न सोडता राज्ये बदलली. आजोबा निजामाच्या राज्यात जन्मले. सप्टेंबर १९४८ मध्ये ते राज्य गेले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेलंगण आंध्रात गेले, आणि बिदर, गुलबर्गा व रायचूर म्हैसुराच्या वाट्यास आले. १९७३ साली म्हैसूरचे नाव कर्नाटक झाले. घरात मराठी, बाजारात कानडी, कचेरीत एके काळी उर्दू, आणि देवदर्शनास गाणगापूर नाही तर माणिकनगर, असा आमचा दिनक्रम. ‘तुम्ही नक्की कुठले?’ हा प्रश्न आम्हांस जन्मभर विचारला जातो, आणि विचारणाऱ्यास एका शब्दाचे उत्तर हवे असते. ते आमच्यापाशी नसते. सुनीतीबाईंपाशीही नाही. त्यांच्या पुस्तकांची गोडी मला लागली ती यामुळेच.

आता त्यांचे चरित्र थोडे क्रमाने पाहू. १९५३ साली विमान कोसळून वडील गेले, तेव्हा सुनीती बारा वर्षांच्या होत्या. शिक्षण मसुरीच्या वुडस्टॉक शाळेत आणि पुढे आंध्रातील मदनपल्लीजवळच्या ऋषी व्हॅली या कृष्णमूर्तींच्या शाळेत झाले. पुढे पुण्यात इंग्रजी साहित्याचा अभ्यास केला. १९६४ साली त्या भारतीय प्रशासन सेवेत दाखल झाल्या. राज्य गेले तरी राज्यकारभार घराण्यात राहिला, असे म्हणून फलटणकरांनी समाधान मानावे अशीच ही गोष्ट. पण मुलीचे मन फायलींत रमले नाही. सेवेत असतानाच पहिला कवितासंग्रह निघाला; कलकत्त्याला प्राध्यापक पी. लाल यांनी १९५८ साली सुरू केलेल्या रायटर्स वर्कशॉप या संस्थेने तो १९६७ साली छापला.

याच संस्थेने १९६८ साली एक लहानसे पुस्तक काढले. त्याचा उल्लेख केल्यावाचून मला पुढे जाववत नाही. ते होते गोविंदाग्रजांच्या निवडक कवितांचे इंग्रजी भाषांतर, आणि भाषांतरकार दोघी : सुनीती नामजोशी आणि सरोजिनी नामजोशी. मुलगी आणि आई. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे वारले, त्या वेळी त्यांचे वय अवघे तेहतीस होते. नाटककार म्हणून त्यांची कीर्ती मोठी. पण ‘गोविंदाग्रज’ या नावाने त्यांनी लिहिलेल्या प्रेमाच्या आणि विरहाच्या कविता आपल्या आजीआजोबांच्या पिढीस मुखोद्गत होत्या. गोविंदाग्रज भाषांतरास फार अवघड. शब्दांचा खेळ, अनुप्रासांची उधळण, कल्पनेच्या उड्या, हे सारे परभाषेत न्यावयाचे म्हणजे भरलेली घागर डोक्यावर घेऊन घाट चढण्यासारखे. ते काम या मायलेकींनी जोडीने केले. आई मराठीच्या बाजूने आणि लेक इंग्रजीच्या बाजूने बसलेली, मध्ये गडकऱ्यांचे पुस्तक, असे चित्र माझ्या मनाने रंगविले आहे. ते चित्र माझे. पुस्तकावरची दोन नावे मात्र खरी आहेत. देश सोडण्यापूर्वी या मुलीने मराठीचे देणे असे फेडले.

त्यानंतर त्या अमेरिकेत मिसूरी विद्यापीठात लोकप्रशासन शिकावयास गेल्या. १९६९ साली त्यांनी सरकारी सेवा सोडली. कॅनडात मॅक्‌गिल विद्यापीठात एझ्रा पाउंड या कवीवर प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टरेट मिळविली आणि १९७२ पासून टोरांटो विद्यापीठात त्या इंग्रजी साहित्य शिकवू लागल्या. परक्या मुलुखात त्या मुलुखाच्याच मुलांना त्यांचे साहित्य शिकवावयाचे, ही गोष्ट मानाची खरी. पण या मानात एक खोच होती. वर्गात ज्या वाङ्मयाचे गुणगान करावयाचे, त्यात मध्यभागी उभा होता ‘माणूस’. आणि तो माणूस म्हणजे गोरा पुरुष. बाई त्याच्याहून वेगळी, काळा माणूस वेगळा, पशू तर फारच वेगळे. सुनीतीबाई स्त्री होत्या, सावळ्या होत्या, परदेशातून आलेल्या होत्या, आणि स्त्रीवर प्रेम करणाऱ्या होत्या. त्या मांडणीत त्यांची जागा कुठे?

त्यांनी स्वतःच याचा उलगडा केला आहे. आपल्याकडच्या संस्कारात माणूस आणि पशू यांच्यामध्ये अशी भिंत नाही. आज जो मनुष्यजन्मात आहे तो उद्या गाढवाच्या जन्मास जाईल, जीव तोच. मग पशूंच्या बाजूने बोलावयास कमीपणा कसला? १९८० च्या ‘द जॅकॅस अँड द लेडी’ या संग्रहापासून त्यांच्या लेखनात गाढवे, पक्षी, माकडे, मांजरे यांची ये-जा सुरू झाली ती कायमची. आजीच्या मांडीवर ऐकलेल्या चिऊ-काऊच्या गोष्टीने टोरांटोच्या प्राध्यापिकेस असा हात दिला.

१९८१ साली लंडनच्या शीबा या स्त्रियांच्या प्रकाशनसंस्थेने त्यांचे ‘फेमिनिस्ट फेबल्स’ हे पुस्तक छापले, आणि त्यांचे नाव झाले. यात पंचतंत्र आहे, इसाप आहे, अँडरसनच्या परीकथा आहेत. सर्व ओळखीचे, आणि सर्व थोडे थोडे हललेले. गोष्टी पानभराच्या, कधी अर्ध्या पानाच्या. भाषा शाळेच्या वाचनमालेसारखी साधी. एकच गोष्ट माझ्या शब्दांत सांगतो.

काशीत एक गरीब ब्राह्मण होता. त्याला पुत्र नव्हता. तो देवळात जाऊन विष्णूची प्रार्थना करतो. देव प्रसन्न होतो, पण मुलगी देतो. अनवधानाने, की आणखी कशाने, ते देवच जाणे. ब्राह्मण हिरमुसतो, तरी मुलीस आपली विद्या शिकवितो. पुढे बाप आणि लेक दोघेही ध्यानास बसतात. विष्णू पुन्हा येतो आणि काय हवे म्हणून विचारतो. ब्राह्मणाच्या तोंडून निघून जाते, ‘पुत्र!’ देव म्हणतो, बरे, पुढच्या जन्मी. पुढच्या जन्मी तो ब्राह्मण बाई होतो आणि आठ पुत्रांना जन्म देतो. मग देव मुलीकडे वळतो. ती मागते, मला माणूस म्हणून मान्यता हवी. हे मात्र देवास जड जाते. तो आढेवेढे घेतो आणि एक कमिशन नेमतो!

वाचकहो, ही गोष्ट लंडनच्या, टोरांटोच्या वाचकांनी वाचली असेल आणि ते हसले असतील. पण कमिशन म्हणजे काय चीज आहे हे आम्हा सीमेवरच्या माणसांइतके कोणास ठाऊक? १९५३ साली फाजलअली कमिशन नेमले गेले. १९६६ साली महाजन कमिशन नेमले गेले, १९६७ साली त्याचा अहवाल आला. २००४ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ज्याला ‘तू कोण’ या प्रश्नाचे उत्तर मागितल्यावर कमिशन मिळाले आहे, त्याला या गोष्टीतले हसू आणि त्या हसण्याखालचे दुखणे दोन्ही एकदम कळतात. भालकीच्या ओसरीवर बसून ही गोष्ट वाचली तेव्हा मला ती परदेशची वाटलीच नाही.

आणि खरोखर ती परदेशची नाहीच. पंचतंत्राची गंमत अशी की हा ग्रंथ मुळातच फिरस्ता. सहाव्या शतकात तो इराणात पोचून पहलवी भाषेत गेला, आठव्या शतकात अरबी झाला आणि ‘कलीला व दिमना’ या नावाने पुढे युरोपात शिरला. तोच पुन्हा फारसी वेष घेऊन ‘अन्वार-ए-सुहैली’ या नावाने हिंदुस्थानात परत आला. आमच्या भागापुरते बोलावयाचे तर अकराव्या शतकात, ज्यांना आपण कल्याणीचे चालुक्य म्हणतो त्यांच्या दरबारी, जयसिंह राजाच्या पदरी असलेल्या दुर्गसिंहाने पंचतंत्र कानडीत आणले. कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. भालकीहून अगदी जवळचे. इसापाचेही तसेच. तंजावरच्या सरफोजीराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आपल्या छापखान्यात ‘बालबोध मुक्तावली’ छापविली, ती इसापनीतीचे मराठी रूप होती. मराठी मुलुखापासून इतक्या दूर वसलेल्या मराठी घरांत परदेशी कोल्हा मराठी बोलू लागला. तेव्हा गोष्टींनी देश आणि भाषा ओलांडावयाच्या असतात, हे आपल्या पूर्वजांस पूर्ण ठाऊक होते. सुनीतीबाईंनी त्याच जुन्या वाटेवर आणखी एक मुक्काम वाढविला.

पुढचे पुस्तक १९८५ चे, ‘द कॉन्व्हर्सेशन्स ऑफ काउ’. ही छोटेखानी कादंबरी. तिच्यात सुनीती नावाचीच एक प्राध्यापिका आहे आणि तिला भेटते एक गाय. गाईचे नाव भद्रावती. ही भद्रावती ब्राह्मणी आहे, कॅनडात स्थलांतर करून आलेली आहे, आणि समलिंगी आहे. कधी ती पुरुषाचे रूप घेते, कधी देवीचे. सुनीती गोंधळते, रागावते, तिच्यावर जीव लावते आणि हळूहळू शिकते की एका जिवाला एकच रूप असले पाहिजे हा हट्ट पाहणाऱ्याचा असतो. आपल्या घरात गाईच्या पोटात तेहतीस कोटी देव मानतात. मग तिच्या पोटात एवढे दोन-चार वेष मावले तर नवल ते काय? मला या पुस्तकातला विनोद फार मोलाचा वाटला. लेखिका सर्वांत जास्त थट्टा करते ती स्वतःची. पुढे १९९३ साली त्यांनी ‘सेंट सुनीती अँड द ड्रॅगन’ लिहिले, त्यातही संत होऊ पाहणाऱ्या सुनीतीची फजिती आहे.

१९८८ च्या ‘द ब्ल्यू डाँकी फेबल्स’मध्ये एक निळी गाढवी आहे. ती लाल पुलाजवळ राहते. नगराच्या कारभाऱ्यांना हा रंग पुलाशी विसंगत वाटतो; गाढवीने रंग बदलावा, नाही तर मुक्काम हलवावा, असे त्यांचे म्हणणे. गाढवी निळीच राहते. एवढी साधी गोष्ट. पण ज्याच्या दारावरच्या पाटीची लिपी कोणती असावी यावर गावात वाद झालेले आहेत, त्याने ती वाचून पाहावी. १९८९ च्या ‘द मदर्स ऑफ माया दीप’मध्ये स्त्रियांचेच राज्य असलेला मुलूख कल्पिला आहे, आणि तिथेही सत्ता हाती आल्यावर कोण कोणास बाहेर ठेवते, हा प्रश्न लेखिका सोडत नाही. आपल्या बाजूच्या माणसांनाही त्या सूट देत नाहीत.

आता ज्या गोष्टीपाशी आपण सारे चुळबुळ करू लागतो, तिच्याकडे वळतो. १९८६ साली ‘फ्लेश अँड पेपर’ हा कवितासंग्रह निघाला. त्यात सुनीतीबाई आणि ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या कवयित्री जिलियन हॅन्सकोम यांनी एकमेकींस उद्देशून कविता लिहिल्या आहेत. हा प्रेमकवितांचा सवाल-जबाब आहे. दोघींनी पुढे इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात घर केले. १९८९ साली ‘बिकॉज ऑफ इंडिया’ हा निवडक कवितांचा आणि कथांचा संग्रह आला, त्यात प्रत्येक टप्प्यास जोडून लेखिकेने आपल्या वाटचालीचे निवेदन केले आहे. नावच पाहा : भारतामुळे. ज्या देशातून त्या निघून गेल्या, त्याच्याच नावावर त्यांनी आपल्या लेखनाचा जमाखर्च मांडला.

पण मला विचाराल तर जुन्या घरांनी वाचावे असे त्यांचे पुस्तक ‘गोजा’. हे २००० साली ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न येथील स्पिनिफेक्स प्रेसने काढले. लेखिका त्यास आत्मचरित्रात्मक पुराणकथा म्हणतात. गोजा ही राजवाड्यातली मोलकरीण, जिने लहानग्या सुनीतीस सांभाळले. आणि पुस्तकात जिला ‘गोल्डी’ म्हटले आहे ती आजी, फलटणच्या राणीसाहेब. दोघीही आता नाहीत. नात त्यांच्याशी बोलते, त्यांना बोलते करते, आणि जे राजवाड्यात कधी घडणे शक्य नव्हते ते कागदावर घडविते : राणीसाहेबांना आणि गोजाला समोरासमोर आणते. दोघींनी मुलीवर माया केली. पण एक हुकूम करणारी आणि एक हुकूम झेलणारी. प्रेम असलेल्या घरातही कोणी पाटावर बसते आणि कोणी उंबऱ्याबाहेर, हे त्या मुलीने फार लवकर पाहिले होते. पुढे ती स्वतः उंबऱ्याबाहेरची ठरली, तेव्हा तिला गोजा आठवली. माझ्या मते सुनीतीबाईंच्या साऱ्या लेखनाची किल्ली येथे आहे. समलिंगी म्हणून आपल्यास जागा मागताना त्या केवळ स्वतःपुरती मागत नाहीत. पंगतीत कोणाकोणाला बसविले नाही, याची यादीच काढतात.

पंगतीवरून मला आमच्या नात्यातल्या एक आत्या आठवतात. त्या सीमेवरच्या एका गावात शाळामास्तरीण होत्या. लग्न केले नाही. त्याच शाळेतल्या दुसऱ्या एक बाई त्यांच्याबरोबर तीस वर्षे एका घरात राहिल्या. दोघींनी मिळून तुळस लावली, दोघींनी मिळून घराचे पत्रे बदलले, एकीच्या आजारपणात दुसरीने रजा काढली. १९७०च्या आसपास आत्या गेल्या. तेराव्याच्या दिवशी वाड्यात चार पंगती उठल्या. चुलत, मावस, सोयरे, शेजारी, सर्वांची नावे घेऊन पाट मांडले गेले. त्या दुसऱ्या बाई ओसरीच्या टोकाला, शाळेतून आलेल्या मंडळींत बसून होत्या. त्यांना कोणी वाईट बोलले नाही; वाढलेही व्यवस्थित. फक्त त्यांचे नाव घेऊन पाट मांडावा, असे नातेच आमच्या भाषेत नव्हते. आठवडाभरात घराच्या किल्ल्या पुतण्याकडे गेल्या. त्या दोघींच्या नात्याला नाव देण्याचा अधिकार मला नाही, आणि मी ते देत नाही. पण ‘गोजा’ वाचताना मला ओसरीचे ते टोक सारखे दिसत होते.

आता जुन्या वाचकांच्या मनातले आक्षेप मी स्वतःच मांडतो, कारण ते माझ्याही घरात मांडले गेले आहेत. पहिला आक्षेप : घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर का आणाव्यात? यावर माझे उत्तर असे की सुनीतीबाईंनी कोणाच्या घरातली चहाडी केलेली नाही. त्यांनी आपले प्रेम सांगितले. गोविंदाग्रजांनी आपले प्रेम आणि आपली निराशा उभ्या महाराष्ट्रासमोर मांडली, तेव्हा आपण त्यांस प्रेमाचे शाहीर म्हटले. त्याच कवितांचे भाषांतर करणाऱ्या मुलीने आपले प्रेम मांडले तर तो चव्हाटा कसा?

दुसरा आक्षेप : हे सारे पाश्चात्त्यांचे खूळ. येथे मी पुन्हा आमच्या मुलुखाचा आधार घेतो. वचनकार देवर दासिमय्या हे जुन्या गुलबर्गा जिल्ह्यातल्या, आज यादगीर जिल्ह्यात गेलेल्या, मुदनूरचे. स्त्री आणि पुरुष हा भेद बाहेरच्या देहखुणांचा, आत वसणाऱ्या जिवास तो लागू नाही, हा विचार त्यांनी हजार वर्षांच्या आसपास आधी वचनात मांडला. अक्कमहादेवीची कथा तर सर्वांस ठाऊक आहे. राजाचे घर सोडून, लोकलाज सोडून ती कल्याणास आली आणि बाराव्या शतकातल्या त्या शरणांच्या मेळाव्यात तिला मानाची जागा मिळाली, असे परंपरा सांगते. तीही दूर मलनाडातून आलेली कवयित्रीच. तिला प्रश्न विचारले गेले, कसोटी लावली गेली. पण उत्तर ऐकून घेतले गेले. कल्याणने जे आठशे वर्षांपूर्वी केले, ते आपल्यास जड का जावे? आणि आजचेच पाहावयाचे तर सोंडूरकडे पाहा. घोरपड्यांचे सोंडूर आपल्यास परके नाही. तिथे जन्मलेले कानडी कादंबरीकार वसुधेंद्र यांनी २०१३ साली ‘मोहनस्वामी’ हा कथासंग्रह प्रसिद्ध करून समलिंगी माणसाचे जीवन कानडी वाचकांपुढे ठेवले, आणि कानडी वाचकांनी तो वाचला.

तिसरा आक्षेप कायद्याचा असे. तो आता उरलेला नाही. १८६० च्या दंडसंहितेतले ३७७ वे कलम प्रौढांच्या संमतीच्या संबंधांस लागू करणे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ६ सप्टेंबर २०१८ रोजी घटनाबाह्य ठरविले. विवाहाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मिळाला नाही. तो प्रश्न संसदेचा म्हटला गेला आणि सरकारने एक समिती नेमावी असे ठरले. काशीच्या ब्राह्मणाची मुलगी हे ऐकून काय म्हणाली असती, ते वाचकांनीच ताडावे. पण कायद्याने काहीही दिले तरी पंगतीतला पाट कायदा मांडीत नाही. तो घरालाच मांडावा लागतो.

राहिला चौथा आक्षेप, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो : यांनी मराठीत लिहिले नाही, मग मराठीने त्यांस आपले का म्हणावे? याचे उत्तर सीमेवरचा माणूस सहज देऊ शकतो. भाषा केवळ लिपीत नसते. सुनीतीबाईंच्या इंग्रजी वाक्यांत जो मिस्कीलपणा आहे, देवाशी बरोबरीने बोलण्याची जी सवय आहे, गोष्ट संपताना तात्पर्य सांगता सांगता ते हातातून काढून घेण्याची जी खुबी आहे, तिची जात मला ओळखीची वाटते. ती आपल्या कीर्तनकाराची आणि आपल्या आजीची आहे. २०१३ साली त्यांनी ‘सुकी’ हे पुस्तक लिहिले, ते आपल्या दिवंगत मांजरीशी केलेले संभाषण आहे. मेलेल्या मांजरीशी तत्त्वज्ञान बोलणारी बाई इंग्रजांस विक्षिप्त वाटली असेल. आपल्याकडे तुळशीशी, गाईशी, चुलीशी बोलणाऱ्या आज्या घरोघर होत्या.

सुरुवात कोठून करावी असे कोणी विचारील, तर मी सांगेन : पोक्त वाचकांनी ‘गोजा’ घ्यावे, ज्यांना एका पुस्तकात सारी वाटचाल पाहावयाची आहे त्यांनी दिल्लीच्या झुबान संस्थेने २०१२ साली काढलेले ‘द फॅब्युलस फेमिनिस्ट’ हे निवडक लेखन घ्यावे, आणि घरात मुले असतील तर अदितीच्या साहसकथा आहेत, त्यांतली एका डोळ्याच्या माकडाची गोष्ट १९८६ सालची. आपल्या गावच्या जुन्या वाचनालयांत गडकरी वाङ्मयाचे कपाट असतेच. त्या कपाटात सुनीती आणि सरोजिनी या मायलेकींचे १९६८ चे भाषांतर ठेवावे, आणि त्याच्या शेजारी लेकीची पुस्तके. त्या दोघींनी मराठीतले धन इंग्रजीत नेले. आता कोणी मराठी लेखकाने, आणि लेखिकेने तर अगत्याने, त्यांच्या नीतिकथा मराठीत आणण्याचे काम हाती घ्यावे. काम अवघड नाही. भाषा तयारच आहे. पंचतंत्राने आणि इसापनीतीने ती कधीच तयार करून ठेवली आहे.

आणि रात्री नातवंडे गोष्ट मागू लागली तर त्यांना काशीच्या ब्राह्मणाची आणि त्याच्या हुशार मुलीची ही गोष्ट जरूर सांगावी. गोष्ट संपल्यावर एखादी नात विचारीलच, ‘मग त्या कमिशनने काय सांगितले?’ तिला सांगावे, त्याचा अहवाल अजून यावयाचा आहे. पण आपल्या घरापुरता तो आपण आजच देऊन टाकू.